उजवीकडची फिकी कड

दुकानाची रुंदी साडेसहा फूट. डावीकडे रबर दाबायचं लोखंडी यंत्र, उजवीकडे लाकडी टेबल, टेबलामागे पाठ नसलेली खुर्ची. पाठ पूर्वी होती. ती मोडली त्याला एकोणीस वर्षं झाली. उद्या बघू, परवा बघू करत दुरुस्ती राहून गेली आणि बसणारीला पाठीशिवाय बसायची सवय झाली.

या खुर्चीवर शिक्केवाल्याची बायको सव्वीस वर्षं बसली. नवरा अक्षरं जुळवून रबर दाबायचा. ती ते रबर कात्रीने नेटकं कापायची, लाकडी मुठीला चिकटवायची आणि कागदावर एकदा उठवून बघायची. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात. ती मात्र वर्तमानपत्र वाचावं तशी ती वाचायची, म्हणून गल्लीने तिचं नाव आरसेकाकू ठेवलं. समोर कचेऱ्या, त्यामुळे गिऱ्हाईक वकील, डॉक्टर, सोसायट्यांचे चिटणीस असलं. "आरशातून चूक सुटली तर शिक्का फुकट," असं शिक्केवाला सगळ्यांना सांगायचा. शाबासकी आपली आणि जोखीम बायकोची, असा सरळ हिशेब होता.

चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना तिच्या हातातून ब्रश पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर तिने नवऱ्याला हाक मारली, ती जिभेतच अडकली. मेंदूत गुठळी झाली होती. तीन महिन्यांत जीभ ताळ्यावर आली. पाय ओढत का होईना, चालू लागला. उजवा हात मागे राहिला. अंगठा आणि पहिली दोन बोटं बरी होती, करंगळीकडची बाजू मात्र परक्या माणसाची असावी तशी नुसती सोबत यायची.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला आणि रोज दोनशे वेळा दाबायला सांगितलं. चौथ्या दिवशी तो चेंडू कपाटाखाली सापडला.

"दाबून दाबून काय मिळतं?" आरसेकाकू म्हणाली. "काही उमटतं का त्यातून?"

शिक्केवाल्याला त्यावरूनच सुचलं. दुकानात एक खण न नेलेल्या शिक्क्यांचा होता. लोक शिक्का करायला टाकतात आणि येतच नाहीत. कुणाची बदली होते, कुणाची भागीदारी फुटते, कुणी सरळ विसरतो. त्याचा नियम असा की न नेलेला शिक्का वर्षभर ठेवायचा, मग पात्याने त्यातलं नाव कोरून काढायचं, म्हणजे कुणाच्या हाती पडून गैरवापर होणार नाही. नाव गेलं की उरते नुसती गोल नक्षीदार कड, मधला तारा, एखादा बाण, आवक-जावकेची चौकट. असे दीडेकशे बिननावाचे शिक्के त्याने पिशवीत भरून घरी आणले. दोन दुकानं सोडून बाइंडर होता. त्याच्याकडून कागदाचं कातरण आणलं, म्हणजे वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या, निमंत्रणपत्रिकांच्या कडा, कुठल्याशा अहवालाच्या निळ्या वेष्टणाचे तुकडे.

"शुभेच्छापत्रं कर," तो म्हणाला.

"कुणाला शुभेच्छा?"

"ज्याला हव्यात तो घेईल. तू दाब."

तिने दाबलं. सोसायटीच्या गोल शिक्क्याच्या दातेरी कडेचं फूल झालं, बाणाचा देठ झाला. आवक-जावकेच्या चौकटीची खिडकी झाली आणि तारीख टाकायच्या रेघेवर तिने चार तारे चिमण्यांसारखे बसवले. डाव्या हाताने कातरणाचे तुकडे फाडून, खळ लावून ती मागे रंगांचे पट्टे चिकटवायची. डोकं आणि डोळा पूर्वीचाच होता. कार्ड दिसायला चांगलं होतं. फक्त प्रत्येक फुलाची उजवी कड फिकी होती. काहींची नव्हतीच. करंगळीकडून जोर येत नव्हता.

या धंद्यात त्यावर उपाय आहे आणि तो धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. शिक्का एका बाजूला कमी उठत असेल तर त्या बाजूला, कागदाच्या खाली, कातरणाचा एक पदर सरकवायचा. त्याला पॅकिंग म्हणतात. एकाने भागलं नाही तर दोन पदर. तिसरा लागला तर शिक्का कामातून गेला असं समजायचं आणि नवा करायचा. आरसेकाकूने दुकानात हे हजारदा केलं असेल, शिक्केवाल्याने दहा हजारदा. घरच्या टेबलावर मात्र दोघांपैकी एकानेही पॅकिंगचं नाव काढलं नाही.

त्याऐवजी शिक्केवाल्याने दुसरं काम सुरू केलं. सकाळी बायकोची पाच-सहा कार्डं तो शिक्क्यांसकट पिशवीत घालून न्यायचा. शटर अर्धं वर करून आत शिरायचा, पाठ नसलेल्या खुर्चीवर बसायचा, तोच शिक्का शोधायचा आणि फिक्या कडेवर जुळवून पुन्हा दाबायचा. मग ती पुरी झालेली कार्डं शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर दोरीला चिमट्यांनी लटकवली जायची.

"काय म्हणतात लोक?" संध्याकाळी बायको विचारायची.

"घेतात की."

"अशीच घेतात?"

"अशीच."

तिने स्वतःशी एक ठरवलं होतं आणि नणंदेलाच तेवढं सांगितलं होतं. सलग दहा कार्डं पुरी उठली की परत दुकानात जायचं. रोज सकाळी ती मोजायला बसायची. कधी दोन पुरी उठायची, एकदा तीन.

दुकानात वेगळीच अडचण वाढत होती. झेरॉक्सवाल्याला रंगीत छपाईचं यंत्र आणायचं होतं आणि त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शिक्केवाल्याकडे होती, एक टेबल आणि एक खुर्ची एवढी.

"काका, एकवार सांगून टाका," तो म्हणायचा. "चौदा महिने खुर्चीवर धूळ बसतेय."

"धुळीने काही तुझी वाट अडवलेली नाही."

"तसं नाही हो. पण काकूंचा हात तर झकास झाला. ही फुलं बघा, एकदम ठसठशीत. मग येत का नाहीत? आणि यायच्या नसतील तर मला जागा द्या. दोन्हीपैकी एक काहीतरी होऊ द्या."

फुलं खोटी म्हणावीत तर हात गेला असं कबूल होतं, आणि खरी म्हणावीत तर बायको घरी का, हा प्रश्न उरतो. "एक तारखेपर्यंत थांब," तो म्हणाला. हे त्याने मागच्या दोन महिन्यांतही सांगितलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेरॉक्सवाला आपणहून घरी आला. हातात एक कार्ड होतं. निळ्या कातरणावर पांढरी पट्टी, तिच्यावर तीन फुलं. शिक्केवाल्याची बहीण त्याच इमारतीत वर राहायची, ती चहा करत होती. शिक्केवाला खिडकीपाशी नखं कापत बसला होता.

"काकू, अभिनंदन! एक बाई आल्या होत्या, त्यांना असली वीस हवीत. हुबेहूब हेच. हात अगदी मशीनसारखा चालतोय तुमचा."

आरसेकाकूने डाव्या हाताने कार्ड घेतलं. आधी सरळ धरलं, मग उजेडाकडे तिरपं केलं. खोलीत नखं कापल्याचा आवाज थांबला.

"अगं वहिनी, एवढं काय निरखतेस?" नणंद कपबशा घेऊन आली. "पोटचं पोर ओळखू येईना का?"

"चष्मा नाही ना," आरसेकाकू म्हणाली. चष्मा नाकावरच होता. नणंदेने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग वीस सांगू त्यांना?" झेरॉक्सवाला म्हणाला.

"सांग. पण दिवस लागतील."

"लागू द्या. आणि काका, परवा एक तारीख." तो चहा पिऊन गेला. नणंद कपबशा उचलायच्या निमित्ताने आत गेली आणि आतच थांबली.

आरसेकाकूने कार्ड टेबलावर ठेवलं.

"अहो."

"हं."

"तुम्हाला जुळवताही येत नाही धड. तीनही फुलं दुहेरी उठलीत. इथे केसाएवढं सरकलंय, इथे शाई दुप्पट झालीय."

शिक्केवाल्याने नेलकटर खिडकीत ठेवलं.

"सव्वीस वर्षं मी तुम्हाला म्हणतेय, तुम्ही रबर दाबा, उठवून बघायचं माझ्याकडे सोडा. किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"सगळी?"

"पुरी असतील ती सोडून."

"म्हणजे सगळीच." तिने उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, कुणी दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी तसा. "पॅकिंग द्यायला काय झालं होतं?"

"दिलं असतं तर तुला कळलं असतं."

"काय?"

"मला दिसतंय ते."

"आणि मला दिसत नव्हतं? हात गेलाय, डोळे नाहीत गेले."

"मग तू का नाही घेतलंस? कातरणाचा ढीग तर समोरच होता."

तिने ढिगाकडे बघितलं. "तुम्ही रोज म्हणायचात, अशीच घेतात. म्हटलं, लोकांना चालतंय तर कशाला." मग म्हणाली, "आणि एकदा पॅकिंग घातलं की पुन्हा कधी निघत नाही. ठाऊक आहे आपल्याला."

आतून नणंदेचा आवाज आला. "दादा, खोटारडेपणा करायचा तर नीट तरी करावा माणसाने. लहानपणी पण असाच पकडला जायचास."

"तू चहाची भांडी घास," शिक्केवाला म्हणाला.

"घासतेय. कान काही भांड्यात नाहीत."

आरसेकाकूने पुठ्ठ्याची एक पट्टी ओढली. "कापा. कार्डाच्या उजवीकडे, पाऊण इंच. एक पदर."

त्याने कापून सरकवला. तिने शिक्का शाईत टेकवला, कागदावर ठेवला आणि दाबला. कड नव्हती.

"दुसरा."

दुसऱ्या पदरावर थोडा धूसर वळसा आला. या दोन पदरांच्या पुढे दुकानात ते कधी गेले नव्हते. शिक्केवाल्याने कात्री खाली ठेवली.

"तिसरा," ती म्हणाली.

"अगं, राहू दे आता. दमलीस."

"तिसरा कापा."

तिसऱ्यावर अर्धी कड उठली, चौथ्यावर दाते दिसले. पाचव्यावर फूल पुरं उठलं. तिने शिक्का बाजूला केला, कार्ड तिरपं धरून बघितलं. आणखी एकदा दाबून बघितलं, तेही पुरं आलं. त्यानंतर ती खुर्चीत मागे टेकली. तेवढ्या कामाने तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"पाच," ती म्हणाली.

"वीस कार्डं होतील की यावर."

"कार्डं होतील. कार्डाला घाई नसते. दुकानात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, आणि त्याचा शिक्का बघायचा तर तो सपाट कागदावरच उठवून बघावा लागतो. पाच पदर घालून कुठलाही शिक्का बरोबरच दिसेल. मग त्या बघण्याला काय अर्थ?"

धंद्याच्या बाजूने हे बरोबर होतं.

"त्याला सांगा, आण यंत्र म्हणावं. खुर्ची तेवढी घरी आणा."

"पाठ नाही तिला."

"मला ठाऊक नाही होय?"

एक तारखेला टेबल बाइंडरकडे गेलं आणि त्या जागी रंगीत यंत्र आलं. ते चालू असलं की दुकानात उन्हाळ्यासारखं गरम होतं. खुर्ची शिक्केवाल्याने डोक्यावर घेऊन घरी आणली. नणंद जिन्यात भेटली. "दादा, आता तरी पाठ लावून घे. एकोणीस वर्षांत देश बदलतात." त्याने सुताराला सांगितलंय. सुतार उद्या येतो म्हणाला.

वीस कार्डांना अकरा दिवस लागले. पाच पदर एकमेकांना खळीने चिकटवून तिने त्यांची एक जाड पट्टी केली आणि ती घरच्या टेबलालाच डकवून टाकली, म्हणजे रोज सरकवायला नको. व्यायामाच्या बाईंनी ती पट्टी बघितली, ती कशासाठी हे विचारून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. चेंडूचा विषय त्यांनी काढला नाही.

शिक्केवाला आता दुकानात एकटा असतो. उलटी अक्षरं त्याला अजून अडखळत वाचावी लागतात. मागच्या महिन्यात एका डॉक्टरच्या शिक्क्यावर टेलिफोनचा एक आकडा चुकला आणि शिक्का फुकट करून द्यावा लागला. तेव्हापासून दिवसभराचे नवे शिक्के तो संध्याकाळी पिशवीतून घरी आणतो. बायको ते दिव्याखाली डाव्या हातात धरून वाचते आणि उठवून बघायचे असतील ते त्याला उठवायला लावते, सपाट कागदावर, पट्टीपासून लांब. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणावं लागतं. काही येतात. काही पलीकडच्या गल्लीत जातात, तिथे दहा मिनिटांत शिक्का मिळतो.

दर सोमवारी ती पट्टीचा वरचा पदर नखाने थोडा उचलते आणि उरलेल्या चारांवर एक फूल दाबून बघते. कड फिकी येते. मग ती पदर परत खाली बसवते, वर अंगठा फिरवून पक्का करते आणि कातरणाच्या ढिगातून त्या दिवसाचा कागद निवडायला घेते.