ताई मला तपासत होती

"ताई गेली," भाऊजींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी स्कूटरची किल्ली उचलत विचारलं, "कुठल्या रस्त्यानं?" गेली तीन वर्षं 'ताई गेली' म्हणजे ती फाटक उघडून कुठंतरी चालू लागली, एवढाच अर्थ आमच्याकडे होता. भाऊजी पलीकडे नुसते रडत राहिले... तेव्हा कळलं. त्याला आता दीड महिना झाला.

सुनंदाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. इथंच जबलपूरला एका शाळेत गणित शिकवायची. वर्गात हिंदी, घरात मराठी, आणि राग आला की दोन्ही. आमचे बाबा पन्नाशीतच विसरू लागले. आधी माणसांची नावं, मग शर्टाची बटणं, मग आम्ही. आजीही तशीच गेली होती, पण तिला भ्रमिष्ट म्हणून सगळे मोकळे झाले होते. बाबांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, हे रक्तातून येतं. तुम्हा दोघींपैकी कुणालाही येईल, कुणाचंही टळेल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ताई म्हणाली, "चलो, हे डोक्यात घेऊन बसायचं नाही." मी तिचं ऐकलं. तिनं स्वतःचं ऐकलं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्यानंतर ती दर रविवारी माझ्याकडे येऊ लागली. भाजी निवडता निवडता विचारायची, "मागच्या रविवारी काय केलं होतं ग जेवायला?" सुई ओवायला द्यायची. सतराचा पाढा उलटा म्हणायला लावायची. मी वैतागायचे. "मी काय तुझ्या पाचवीतली पोरगी आहे? काहून परीक्षा घेऊन राहिली?" ती हसायची आणि पुढची शेंग सोलायची.

मग एका सकाळी तिचा फोन आला. भेडाघाटला मैत्रिणीकडे निघालेली ताई भलत्याच दिशेला, पनागरच्या भाजीबाजारात उभी होती. "मी इथं कशी आली, काही कळून नाही राहिलं," ती अगदी हळू म्हणाली. मी तिला घ्यायला गेले. परतताना ऑटोत तिनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी लग्नाला म्हणून ती नागपूरला गेली होती, ते लग्न नव्हतंच. फळ्यावरचे आकडे उलटसुलट व्हायला लागले, म्हणून तिनं तिथं रक्त तपासून घेतलं होतं. बाबांचंच तिच्यात आलं होतं.

"मग मला दर रविवारी..."

"तुझ्यात काही दिसते का, तेच पाहत होती. तू पाढा न अडखळता म्हटला, की माझा आठवडा चांगला जायचा."

थोड्या वेळानं म्हणाली, "तुला तपासायचं असेल तर मी सोबत येईन. नसेल तर नको. पण माझ्याकडे पाहून ठरवू नको."

मी मात्र तिच्याकडे पाहूनच ठरवत राहिले. वर्षामागून वर्ष टाळत गेले. सोबत यायला ती होती, तोवर गेले नाही...

शेवटच्या वर्षी तिला माझं नाव येत नव्हतं. मी कोण, तेही बहुतेक नाही. पण मी निघाले की ती उठून दारापर्यंत यायची आणि माझी ओढणी खांद्यावर नीट सारखी करून द्यायची. मग जाऊ द्यायची.

पुढच्या आठवड्यात मी नागपूरला जाणार आहे. काल ते भाऊजींना सांगायला गेले होते. निघताना दारात पाय आपोआप थांबले.

"काही राहिलं का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही," म्हटलं, आणि खांद्यावरून घसरलेली ओढणी तशीच ठेवून बाहेर पडले.