दाराबाहेरची झील

"लीक आहे," मी हेडफोन कानावरून सरकवत म्हणालो. मंगल कार्यालयाचा मॅनेजर लगेच छताकडे बघायला लागला.

त्याला सांगावं लागलं की लीक पाण्याचा नाही, आवाजाचा. नको असलेला बाहेरचा आवाज माइकमध्ये शिरला की आम्ही साऊंडवाले त्याला लीक म्हणतो. सकाळपासून मी दारांना गाद्या बांधल्या होत्या, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या, कूलर बंद ठेवून सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तरी काहीतरी गुणगुणत होतंच.

अमरावतीत ऑडिशन चालू होती. गाण्याच्या स्पर्धेचा हा टीव्ही शो एकेकाळी लोक हातातलं काम टाकून बघायचे. मग तो बंद पडला. आता चॅनेलने तो पुन्हा काढायचं ठरवलं होतं. माझा अकोल्यात छोटा स्टुडिओ आहे, म्हणून वऱ्हाडातलं साऊंडचं काम माझ्याकडे आलं. मुंबईहून मेघना मॅडम आल्या होत्या, क्रिएटिव्ह हेड. म्हणजे पडद्यावर कोण दिसणार आणि कसं दिसणार, हे ठरवणाऱ्या. त्यांना एका जागी बसवत नव्हतं. सारखा वरून फोन यायचा, "काही मिळालं का?" त्या "बघतेय" म्हणायच्या आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागायच्या. वऱ्हाडातून दमदार आवाज मिळाला नाही तर पुढच्या वेळी हे सेंटरच रद्द, असं त्यांना सांगितलं होतं. त्यात संध्याकाळी त्याच हॉलमध्ये साखरपुडा. डेकोरेशनवाले झेंडूच्या माळा घेऊन व्हरांड्यात घुटमळत होते.

रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. मला याचं नवल वाटत होतं. आता ज्याच्या त्याच्या खिशात स्टेज आहे. गा, टाका, झालं. मग उन्हात उभं राहायची हौस कशाला? भातकुलीकडच्या एका गावातून आलेल्या सविताला माइक लावता लावता मी ते विचारलंच.

"मोबाइलवर टाकलं तं आंगठे भेटतात, भाऊ," ती म्हणाली. "इथं कोनी तरी तोंडावर हो म्हनते, नाई तं नाई म्हनते. मले थे आयकाचं हाये."

ती शाळेत असताना शो जोरात होता. वडील म्हणाले होते, बारावी होऊ दे, मग जा. बारावी झाली आणि शो बंद पडला. आता तो सुरू झाला, पण वयाची अट तीस. "पुढच्या साली मी वयात बसत नाई," ती म्हणाली. हातातल्या रुमालाचा तिने पार बोळा केला होता.

तिने पहिली ओळ म्हटली आणि माझ्या अंगावर काटा आला. खडा, मोकळा आवाज. मेघना मॅडमच्या फेऱ्या थांबल्या. ओळ संपली आणि सविता गप्प झाली.

मला वाटलं, विसरली. गायक थांबला की माझा हात आपोआप फेडरवर जातो. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी. ती मी खाली ओढली. तेवढ्यात सविताने दुसरी ओळ घेतली. घाईघाईने फेडर वर. ओळ संपली, पुन्हा गप्प. परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्या ओळीनंतर एक जण म्हणाले, "थँक यू. शब्द नीट पाठ करून यायला हवं होतं."

ऑडिशनमध्ये 'थँक यू' म्हणजे निघा. सविता भिंतीला टेकून उभी राहिली. निघावं हेही तिला सुचत नव्हतं.

मला मात्र चैन पडेना. पुढचा गायक येईपर्यंत मी तिचं रेकॉर्डिंग मागे घेऊन आवाज मोठा करून ऐकलं. ते गुणगुणणं फक्त तिच्या गप्प बसण्यात होतं. आणि माइकच्या स्टँडवर तिची बोटं ठेका धरून होती. विसरलेल्या माणसाची बोटं अशी चालत नाहीत. तेव्हाच मी 'लीक' म्हणालो आणि तणतणत दार उघडलं.

बाहेर पाच-सहा बाया-माणसं गादीला कान लावून उभी होती. पुढे सविताचे शामराव काका, काखेत पिशवी, पिशवीत खंजिरी.

"काका, आत रेकॉर्डिंग चालू आहे. कशाचा गोंधळ लावला?"

"गोंधळ कायचा, साहेब? तिनं ओळ सोडली तं कोनी धरा लागते ना. तुमच्या या गाद्याइनं तिले आयकूच आलं नसन."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे खंजिरी भजनाचं मंडळ होतं. त्यात मुख्य गाणारा ओळ म्हणून थांबतो आणि मागचे सगळे तीच ओळ उचलतात. तिला झील म्हणतात. सविता लहानपणापासून तशीच गात आली होती. एकटी गायची तिला सवयच नव्हती. मला हसू आलं आणि लगेच माझ्याच गाद्यांचा राग आला.

"मॅडम, ती विसरली नव्हती, थांबली होती. तिला परत गाऊ द्या. दार उघडं ठेवून."

"साऊंडवाला तू, आणि तूच दार उघडं ठेव म्हणतोस?"

"हो."

"सोलो शो आहे. ग्रुपला एंट्री नाही."

"ग्रुप आत येणार नाही. व्हरांड्यातच उभा राहील."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी फोनकडे बघितलं, भिंतीजवळच्या सविताकडे बघितलं आणि फोन कट केला. "उघड दार."

सविताने ओळ सोडली आणि व्हरांड्यातून तीच ओळ परत आली, खंजिरीसकट. मग तिने जी पुढची ओळ घेतली, ती आधीच्या दुप्पट उंच गेली. डेकोरेशनवाले माळा खांद्यावर टाकून तसेच उभे राहिले. मी फेडरला हात लावला नाही. परीक्षक हो म्हणाले. सविताने मला दोनदा विचारलं, "हो म्हनले ना, भाऊ?"

मॅडमनी जाताना अट घातली. "मुंबईत व्हरांडा नसेल. तिला थांबायचं नाही हे शिकव. गॅप पडला की लोक चॅनेल बदलतात."

सविता अकोल्याला माझ्या स्टुडिओत यायला लागली. मी ट्रॅक लावायचो. ट्रॅक म्हणजे आधीच वाजवून ठेवलेली साथ. ती कोणासाठी थांबत नाही. सविता थांबायची, ट्रॅक पुढे निघून जायचा. "सुटली, भाऊ," ती म्हणायची. मी म्हणायचो, "थांबू नको. मागे कोणी नाही." हे मी तिला किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे.

शेवटी ती शिकली. मुंबईत दोन फेऱ्या पुढे गेली, मग बाहेर पडली. तिचा फोन आला. "तोंडावर नाई म्हनले, भाऊ. वाईट वाटलं. पन आयकाचं होतं थे आयकलं."

गावाने तिचा सत्कार ठेवला. मी माझे माइक घेऊन गेलो. भजन सुरू झालं. सविताने पहिली ओळ म्हटली आणि श्वास घेऊन थेट दुसरीवर गेली. मंडळाची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. तिसऱ्या ओळीलाही तेच. शामराव काकांनी खंजिरी मांडीवर ठेवली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आमी आहो ना मांगं."

माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकलं.  सविताने पदराने तोंड पुसलं, पहिल्यापासून ओळ घेतली आणि ती झीलसाठी थांबली. मला खाली मान घालून वायर गुंडाळायचं काम अचानक आठवलं.

शो पुन्हा येणार म्हणतात. बोलावलं तर जाईन. दारांना गाद्याही बांधीन, तो धंदाच आहे. पण गाणारा मधेच गप्प झाला तर आता मी फेडर खाली ओढत नाही. आधी दार उघडून बघतो.