शाळा गोधडीखाली

मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मुलाचं स्वतःचं किती असावं? मला खरंच सांगता येणार नाही. रविवारपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता...

सम्यक माझा भाचा, दादाचा मुलगा. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावीच दुसरीत शिकतो. त्याला ऑटिझम आहे हे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. बोलतो एकेक शब्द, तोही त्याला वाटलं तर.

"पोरगं हट्टी आहे" म्हणणारं अर्धं गाव आहे आणि "बोलन हळूहळू" म्हणणारी माझी आई आहे. मधे आहे वहिनी. रोज त्याला शाळेत सोडते आणि तो परत येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवत नाही... शाळेतून बोलावणं येईल म्हणून.

यंदाचं प्रोजेक्ट होतं 'माझं गाव'. प्रदर्शन सोमवारी, सगळ्या पालकांसमोर. मॅडम वाईट नाहीत, पण वहिनीला हळूच म्हणाल्या होत्या की प्रोजेक्ट कसं होतंय ते पाहू, मग पुढच्या वर्षी याला इथेच ठेवायचं का ते ठरवू.

मला राग आला. असं काढता येत नाही, कायदा आहे, मी जाऊन बोलते म्हटलं. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, कायद्याले घेऊन रोज शाळेच्या दारात कोन बसन? मीच न?"

घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे कागदाचं आणि शाळेचं सगळं काम माझ्याकडे येतं. दादा म्हणाला, "तू शिकेल हायेस न, मंग गाव तूच बांध."

बांधलं. शनिवारचा अख्खा दिवस घालवला. काडेपेट्यांची घरं, पुठ्ठ्याची शाळा, विहार, बसस्टँड, आमच्या घरासमोरच्या पिठाच्या चक्कीला बारीकसा पट्टासुद्धा लावला. सम्यक शेजारी बसून होता. बोटांना डिंक लागला की तो रडतो, म्हणून मी त्याला हातच लावू दिला नाही. त्याच्या सोयीसाठी, असं मला वाटत होतं...

रविवारी दुपारी पाहते तर अर्धं गाव गायब. बसस्टँड नाही, चक्की नाही, पोस्टाची लाल पेटी नाही, शाळा नाही. त्या जागी डिंकाचे पांढरे डाग. विहीर, लिंबाचं झाड, शेतं, विहार, घरं आणि मातीची बकरी तेवढी शिल्लक.

वहिनी एकेका डागावर बोट ठेवत गेली. "काऊन केलं रे बाप्पा असं? उद्या काय दाखवू मी?" आम्ही पलंगाखाली शोधलं, कोठीमागे शोधलं. सम्यकला विचारलं तर तो पंख्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी समोरची चक्की सुरू झाली. सम्यक रोजच्यासारखा कानांवर हात दाबून उठला आणि कोपऱ्यातल्या त्याच्या गोधडीत शिरला. मी गोधडीचं टोक उचललं... आत त्याच्याजवळ सगळं ओळीने मांडलेलं होतं. बसस्टँड, चक्की, पेटी, शाळा.

"बंद," तो म्हणाला. आणि गोधडी पुन्हा ओढून घेतली.

मला वाटलं, कळलं! जे जे आवाज करतं ते त्याने उचलून गोधडीखाली ठेवलंय. चक्की वाजली की तो स्वतः जिथे लपतो, तिथेच. मी वहिनीला उत्साहाने समजावून सांगितलं, अवघड गणित सुटल्यासारखं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मंग पोस्टाची पेटी काऊन? थे बिचारी कधी बोलली त्याले? अन् बकरी तं दिवसभर बोंबलते, तिले राहू देलं."



आणि शाळा? घंटेमुळे? पोरांच्या गोंगाटामुळे? की त्याला शाळाच नकोय? आम्ही सगळे त्याला तिथे टिकवायला धडपडतोय, आणि त्याला नकोच असेल तर... की शाळा हवी आहे, फक्त तिचा आवाज बंद करून? की एका लहान मुलाच्या खेळावर मीच उगाच माझं डोकं चालवतेय? मला अजूनही कळलेलं नाही.

वहिनीने डिंकाची बाटली आणली. "गावात शाळाच नाही म्हनल्यावर मॅडम काय म्हनतीन, ताई?" शाळा काढून घ्यायला तिने गोधडीत हात घातला, तसा सम्यकने तो हात धरला. ढकलला नाही, ओरडला नाही. नुसता धरून ठेवला. एरवी तो कुणाला हात लावू देत नाही...

चक्की बंद होईपर्यंत ती तशीच वाकून बसून राहिली. मग उठून बाटलीचं झाकण तिनेच लावलं. "राहू द्या. होईन ते होईन."

बोर्डाच्या कोपऱ्यात मी मोठ्या अक्षरात फक्त सम्यकचं नाव लिहिलं होतं. ते खोडलं आणि खरं ते लिहिलं. घरं आत्याने बांधली. गावात काय ठेवायचं ते सम्यकने ठरवलं.

आज सकाळी आम्ही दोघी तो बोर्ड डागांसकट वर्गात घेऊन गेलो. शेजारच्या बाकांवर कारंजी होती, लुकलुकणारे दिवे होते. सम्यक आपल्या गावाजवळ बसला, बकरीच्या पाठीवर बोट ठेवून. मॅडम आल्या, बोर्डावर वाकल्या.

"यात शाळा कुठे आहे?"

"घरी हाये," वहिनी म्हणाली. "गोधडीखाली."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मी लिहिलेलं त्यांनी वाचलं, मग पुन्हा वाचलं. पुढच्या वर्षाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही... गाव तिथेच ठेवून आलोय, शाळा न चिकटवता.