सकाळी आठचा हिरवा

आज सकाळी भुसावळहून बाबांचा फोन... "हिरवा मिळाला का?" हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट हाच प्रश्न.

बाबा मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. मागच्या वर्षी इथे आयर्लंडला, लिट्रिममध्ये आमच्याकडे आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. परतीची फ्लाइट रद्द झाल्यापासून खिडकीत गप्प बसून असायचे. मला बघवायचं नाही.

घरामागून जुन्या रेल्वेचा बांध जातो. कधीकाळी त्यावरून मालगाड्या इथली गुरं नॉर्थमध्ये, म्हणजे आताच्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये न्यायच्या. मग देशाची फाळणी होऊन मध्ये हद्द आली, कस्टमवाले गाड्या अडवून तपासायला लागले, धंदा बसत गेला... शेवटी साठेक वर्षांपूर्वी लाइन बंद झाली.

हे सांगितलं बांधापलीकडच्या पॅटआजोबांनी. ऐंशीचे, एकटेच राहतात. त्यांचे वडील याच लाइनवर गार्ड! मग काय, बांधाच्या दोन बाजूंना उभं राहून गप्पा. एकाचं भुसावळी इंग्रजी, दुसऱ्याचं लिट्रिमचं. त्यांना सगळं कळायचं, मला निम्मंही नाही.

गाडी स्टेशनातून जाताना गार्ड आणि स्टेशनवाले एकमेकांना हिरवा झेंडा दाखवतात, 'सगळं ठीक' म्हणून. दोघांनी तेच सुरू केलं. रोज सकाळी आठला पॅट वडिलांचा जुना झेंडा हलवायचे आणि बाबा माझी हिरवी ओढणी... पैठणी काठाची! मी कपाळावर हात मारला. म्हाताऱ्यांचे खेळ, दुसरं काय.

एका सकाळी पलीकडून हिरवा आलाच नाही. "झोपले असतील हो," मी म्हटलं. बाबा चपला घालत होते. "अगं, हिरवा नाही म्हणजे गाडी पुढे न्यायची नाही. आधी बघायचं."

दार नुसतं लोटलेलं होतं. पॅट किचनमध्ये पडलेले, खुबा मोडलेला, फोन टेबलावर. अँब्युलन्समध्ये चढवताना म्हणाले, "आय अ‍ॅम ग्रँड." इथे हाड मोडलं तरी माणूस 'ग्रँड', म्हणजे मजेतच असतो.

पॅट बरे होऊन घरी आले. बाबाही भुसावळला परतले. आता आठ वाजता ओढणी मी हलवते.

आज धुकं होतं. पलीकडचं काही दिसेना, चहा उतू गेला तरी मी खिडकीतून हलले नाही. मग हळूच हिरवं काहीतरी हललं... डोळे भरून आले माझे.

"मिळाला, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. "आता सांग, कशी आहेस?"