मध्ये उभी राहणारी शेजारीण

माझी थोरली बहीण माझी जाऊही लागते. एका घरच्या दोन पोरी एकाच घरात दिल्या की भांडणं होत नाहीत, असं आमच्या उत्तनची मोठी माणसं म्हणायची. आता हसू येतं. आम्हा बहिणींचं खरंच कधी भांडण झालं नाही. झालं ते नवऱ्यांचं, बोंबील वाळत घालायच्या जागेवरून. किनाऱ्यावर बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधतात, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. एका हंगामात दिरांनी त्यांची वलांडी आमच्या बाजूला सरकवली. हातभर असेल. तेवढ्या वाळूवरून दोघे सख्खे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

माझा नवरा मला म्हणाला, "तू तिच्याशी बोललीस की विषय निघल आनि परत पेटल. घरात शांती पायजे ना तुला?" तिकडे बायलाही तेच सांगितलं असणार. बाय म्हणजे माझी बहीण, लहानपणापासून मी तिला बायच म्हणते. तर झालं, आम्ही दोघी गप्प. चर्चमध्ये फादर शांतीवर बोलायचे तेव्हा मला वाटायचं, तोंड मिटून आपण तेच तर करतोय.

मध्ये एक भिंत. तिचा खोकला मला ऐकू यायचा, तिच्या तव्यावर काय पडलंय ते वासावरून कळायचं. मला पहिलटकरणीला पोटात दुखायला लागलं तेव्हा भिंतीपलीकडे ती मोठमोठ्याने नमो मरिया म्हणत होती. आली मात्र नाही. कशी येणार?

ऑक्टोबर आमचा रोजरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. पवित्र मरियेची मूर्ती आळीत रोज एका घरी असते. संध्याकाळी सगळे जमून रोजरी म्हणतात, आणि मग त्या घरची बाई मूर्ती उचलून पुढच्या घरच्या बाईच्या हातात देते, तिच्या उंबरठ्यावर. माझ्यानंतर बायचं घर. पण आमच्यात मूर्ती कधी हातोहात गेली नाही. समोरची शेजारीण मध्ये उभी राहायची. मी तिला द्यायची, ती बायला. आळीने ही सोय आपसूक केली होती, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं हो, सगळ्यांना फक्त भांडण टाळायचं होतं. पुढे दोन्ही नवरे गेले, तरी शेजारीण आपली मध्ये उभीच.

गेल्या वर्षी मासळी बाजारात एकीने सांगितलं, नाताळ झाला की बायचा मुलगा तिला मीरा रोडला फ्लॅटवर नेतोय. घरी येऊन मांदेली साफ करायला बसले, तेव्हा ध्यानात आलं. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात शेजारचं दारच उघडं नसणार. प्रभूने सांगितलंय, वेदीपाशी यायच्या आधी दुखावलेल्या भावाकडे जा. जा म्हणालाय तो. घरात गप्प बस, असं कुठं म्हणालाय?

त्या वर्षीची माझ्या घरची रोजरी संपली. मी मूर्ती उचलली, शेजारणीने सवयीने हात पसरले.

"तू सर बाजूला आज."

"अगो, पन..."

"पन-बिन न्हाय."

ती घाबरली. तिला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर निघतंय. मी बायच्या उंबरठ्याशी जाऊन उभी राहिले. मागे सगळे मरियेचं गाणं म्हणत होते, ते थांबलं. बाय दारात, चेहरा कोरा. मूर्ती लाकडाची, चांगली जड आहे. हिने पाठ फिरवली तर मी मूर्ती घेऊन जाऊ कुठे, एवढंच डोक्यात.

बाय मूर्तीकडे बघत होती.

"कागदाची फुलं लावलीस मरियामायेला?"

"शेवंती आनली व्हती सकाळी. कोमेजली."

"पान्यात ठेवायची अक्कल न्हाय. अजून तशीच हायस." आणि तिने हात पुढे केले. "आन इकडं. दंड कापतान तुझे."

रडली ती शेजारीण. आम्ही दोघी नाही.

नाताळापर्यंत आम्ही रोज एकमेकींकडे चहा प्यायलो. जुनं काही काढलं नाही, दोघींनाही भीती वाटत होती. मग ती गेली. आता रोज संध्याकाळी फोन करते. "हितं बाजूला कोन ऱ्हातं त्ये पन ठावं न्हाय," म्हणते. "भांडायला पन मानूस न्हाय."

फोनवर मी तिला राहिलेलं सांगत असते, पण इतक्या वर्षांचं ओळीने येत नाही. परवा माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं सांगायला घेतलं. मांडव कसा होता, बँड कुठला होता...

"ठावं हाय," बाय म्हणाली. "खिडकीतून बघत व्हते मी. तू हिरवी साडी नेसली व्हतीस. सारखी आमच्या दाराकडं बघत व्हतीस."