दोघांच्या मधली जागा

वीजबिलांच्या ऑफिसात मेनफ्रेम, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, अगदी साहेबसुद्धा. त्या एका मेनफ्रेमवर दोन सिस्टिम चालायच्या, एक काउंटरची आणि दुसरी बिलं छापायची. विजेच्या दरांच्या फायली मात्र दोघींना लागणाऱ्या. त्या ठेवायच्या कुठे, यावरून दोन्हीकडच्या ऑपरेटरांची रोज जुंपायची. काउंटरवाला म्हणे माझ्या डिस्कवर, बिलवाला म्हणे माझ्या. माघार कोणी घेईना.

"तुझी सिस्टिम दुरुस्तीला बंद झाली, की याने काय हात चोळत बसायचं?" ताईंनी दोघांनाही झापलं आणि फायली तिसऱ्याच डिस्कवर टाकल्या. दोन्ही सिस्टिमना जोडलेली, पण कोणाच्याच ताब्यात नसलेली. भांडण मिटलं. ताई इतक्या खूश, की विचारू नका.

त्याच सुमारास ताईंच्या घरीही असाच घोळ चालला होता. आईने राहायचं कोणाकडे? धाकटा भाऊ म्हणे माझ्याकडे, ताई म्हणत माझ्याकडे, आणि आईला तर कोणाच्याच संसारात लुडबूड नको. ताईंनी ऑफिसातलाच तोडगा घरी लावला. दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये, तळमजल्यावर एक खोली घेतली. किल्ली दोघांकडे. फोनवर आई नेहमी मजेत असायची.

मग एका सकाळी ती तिसरी डिस्क उडाली. अहो, डिस्क उडतातच, त्यात काय! ताई शांतपणे म्हणाल्या, "बॅकअपवरून फायली परत चढवा."

काउंटरवाल्याने बिलवाल्याकडे पाहिलं, बिलवाल्याने काउंटरवाल्याकडे. "बॅकअप तू घेत होतास ना?" दोघं एकदमच बोलले.

ताई ओरडायला म्हणून उठल्या आणि तशाच थबकल्या. त्यांनी भावाला फोन लावला. "या आठवड्यात आईकडे गेला होतास ना रे?"

"मी? मला वाटलं, तूच जातेयस."

ताई तडक निघाल्या. दार उघडलं तर आई खुर्चीत बसलेली, पाय टम्म सुजलेले, शेजारी गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"अगं, एक फोन करायचास की!"

"कशाला उगीच? दोघांपैकी कोणीतरी येणारच होतं," आई म्हणाली. "शेजारीण विचारत होती, गोळ्या आणून देऊ का म्हणून. मीच नको म्हटलं तिला. म्हटलं, माझी दोन-दोन मुलं आहेत इथे, हाकेच्या अंतरावर."