उतरता न येणारा सायकलवाला

आमच्या कचेरीतल्या आवक-जावक कारकुनाला सायकल तासन्‌तास चालवता यायची, पण तिच्यावरून उतरता यायचं नाही. कचेरीच्या पायरीला पाय टेकला, की मगच तो खाली यायचा. तो धरून आम्ही तिघे मित्र पहिल्यांदाच सायकलनं एवढ्या लांब, सोलापूरहून करकंबला निघालो होतो. मोहोळला आम्ही दोघे चहाला थांबलो, तर हा हॉटेलासमोर गोल गोल फिरत राहिला.

"तुमी प्या की! मला हितंच चालता चालता द्या की!"

मी त्याच्यामागं पळत कप दिला. निम्मा चहा त्याच्या नव्या टेरिलीनच्या शर्टावर गेला.

पुढं भर उन्हात माझ्या पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्याकडेला आडवा झालो. तिसरा मित्र केव्हाच पुढं गेला होता. आसपास पाय टेकायला ना ओटा, ना दगड. यानं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, डोळे घट्ट मिटले आणि सायकलीसकट शेजारी आदळला. गुडघे फुटले. तसाच सरकत येऊन तो माझ्या पोटऱ्या चोळायला लागला.

"फार लागलं का रे?" मी कण्हत विचारलं.

"लागलं की," तो म्हणाला. "पन चोळायला हात लागत्यात, गुडगं न्हाईत."